वाचनालयाची ग्रंथसूची: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

२ जून २०२५

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणि मोबाइलवर शोधता येईल अशी करून देण्याचे काम आज हाती घेतले. हे पैशाचे काम नव्हे. शाळेत असताना मी याच वाचनालयाच्या बालविभागातून पुस्तके नेत असे, आणि आता सांगलीत घरी बसून फ्रीलान्स सॉफ्टवेअरची कामे करत असल्यामुळे संध्याकाळी आठ ते दहा हा वेळ माझ्या हातात असतो. दिवसाची गिऱ्हाइकांची कामे आणि हे काम यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ही वेगळी नोंदवही ठेवत आहे. मात्र दिवसाच्या कामात आढळलेली एखादी गोष्ट इथे उपयोगी पडणार असेल, तर तीही इथेच लिहीन.

हाती आलेला ऐवज असा आहे. एक्सेलची एक जुनी फाइल आहे आणि तिच्यात सुमारे अकरा हजार पुस्तकांच्या नोंदी आहेत. त्यांपैकी पहिल्या सात हजार ओळी वीसेक वर्षांपूर्वी छापखान्यांत चालणाऱ्या एका जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. पुढच्या ओळी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहेत, पण त्या तीन माणसांनी तीन वेगळ्या कळफलकांवर टंकल्या आहेत. अगदी अलीकडच्या नोंदी फक्त दाखल रजिस्टरात, म्हणजे कागदावर आहेत.

ग्रंथपाल काकांनी एकच अट घातली. "रजिस्टरात जे लिहिलंय ते तसंच दिसलं पाहिजे. त्यात तू सुधारणा करायची नाहीस." वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यताप्राप्त आहे, त्याला वर्गानुसार अनुदान मिळते आणि तपासणीच्या वेळी दाखल क्रमांक आणि पुस्तकाचे नाव रजिस्टराशी ताडून पाहिले जाते, त्यामुळे ही अट योग्यच आहे. मी डेटाबेसची सगळी रचना तिच्यावरच बेतली आहे. प्रत्येक नोंदीला दोन रूपे असतील: रजिस्टरातले मूळ रूप, ज्याला कोणताही प्रोग्राम हात लावणार नाही, आणि त्यापासून तयार केलेले शोधरूप, जे वाचकाला कधी दिसणार नाही पण शोध त्याच्यावरच चालेल.

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट निवडला. सगळी माहिती एकाच फाइलीत राहते, आणि दर शनिवारी ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवणे काकांना सहज जमेल. सर्व्हरवरचा कोड पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिणार आहे.

७ जून २०२५

गेले चार दिवस जुन्या फाँटच्या सात हजार ओळींवर गेले. अशा फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. एका बाइटात मावणाऱ्या २५६ घरांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा क, काना, रफार, उकार, असे सुटे सुटे. तो फाँट संगणकावर असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो आणि फाँट काढला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ उरतो. त्यामुळे घरांची एक तक्ताबंदी करून प्रत्येक तुकड्याला त्याचे युनिकोड रूप द्यावे लागते. ते काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही.

अवघड आहे तो क्रम. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवावी लागतात. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून जुन्या मजकुरात ती व्यंजनाच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर हवी. रफाराचे याच्या उलट आहे: तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून जुन्या मजकुरात त्या अक्षराच्या नंतर साठवला जातो, पण उच्चार आधी असल्यामुळे युनिकोडमध्ये तो आधी हवा. "कीर्ती" हा शब्द जुन्या फाइलीत क, दीर्घ वेलांटी, त, दीर्घ वेलांटी, रफार असा होता. रफाराला मागची वेलांटी आणि त ओलांडून मागे न्यावे लागले.

माझी पहिली चूक वेलांटीच्या बाबतीत झाली. वेलांटी एका अक्षराच्या पुढे सरकवली की काम झाले, असे मी धरले होते, आणि "दिवस", "किनारा" असे शब्द त्याने नीट झालेही. "स्थिती" मात्र मोडला, कारण तिथे वेलांटीने अर्धा स आणि पूर्ण थ अशी दोन्ही अक्षरे ओलांडायला हवीत. नियम असा बदलला: वेलांटीच्या पुढे जितकी अर्धी अक्षरे असतील तितकी सगळी आणि त्यानंतरचे एक पूर्ण अक्षर मिळून एक गट, आणि वेलांटी त्या गटाच्या शेवटी. "स्थिती" आणि "मूर्तिकार" हे दोन शब्द चाचणीच्या यादीत कायमचे ठेवले आहेत.

दुसरी अडचण इंग्रजी पुस्तकांच्या नावांची होती. ती त्याच रकान्यात साध्या इंग्रजी फाँटमध्ये आहेत, आणि तक्ता लावला की त्यांची अर्थहीन देवनागरी होते. एक्सेलची फाइल प्रत्येक चौकटीसोबत तिच्या फाँटचे नावही साठवते हे आठवले आणि प्रश्न सुटला: फाँटचे नाव वाचायचे, जुना फाँट असेल तरच रूपांतर करायचे.

१० जून २०२५

दिवसाचे काम एका बेदाणा व्यापाऱ्याचे आहे: शीतगृहातल्या मालाची नोंद आणि सौद्याची बिले. आज त्यांच्या मुनिमांनी सांगितले की वजनाच्या रकान्यात मराठी आकडे टाकले की बेरीज होत नाही. कारण असे निघाले की ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला "१५०" हे मराठी आकड्यांत दिले तर तिला ती संख्या वाटतच नाही, तर पायथॉन मात्र तेच आकडे निमूटपणे एकशे पन्नास असे वाचतो. उलट बाजूने, ब्राउझरला भाषा मराठी सांगून संख्या छापायला लावली तर तो आपणहून देवनागरी आकडे देतो, आणि तसे नको असेल तर अंकपद्धती वेगळी सांगावी लागते. मुनीमजींच्या बिलासाठी इंग्रजी आकडे ठेवले. माल भरताना दोन्ही चालतील असे केले.

वाचनालयाच्या दाखल क्रमांकांतही हीच सरमिसळ आहे. म्हणून तिथे साठवताना एकच अंकपद्धती आणि दाखवताना मराठी आकडे, असे ठरवून टाकले.

१४ जून २०२५

आज शोध पहिल्यांदा चालला, आणि तो चुकीचा चालतो हेही लगेच लक्षात आले. "काळे" या आडनावाच्या लेखकांची पुस्तके शोधली, तर यादीत "कोळी" आले, "केळी" आली आणि "काळी" हा शब्द असलेली दोन शीर्षकेही आली. "मीरा" शोधल्यावर "मोरे" मिळाले, आणि "कामेरी" या गावावरची एक पुस्तिकाही मिळाली. जवळचे शब्द सापडण्यासाठी शोध मुद्दाम सैल ठेवला आहे असे एखाद्याला वाटले असते, पण मी अजून तसे काहीच लिहिले नव्हते.

दोन तास शोधल्यावर कारण सापडले, आणि ते सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटणार आहे. एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधण्याची जी सोय आहे, ती आधी मजकुराचे शब्दांत तुकडे करते. तुकडे करताना कोणते चिन्ह शब्दाचा भाग आणि कोणते शब्द तोडणारे, हे ती युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या वर्गावरून ठरवते. अक्षरे आणि अंक हे शब्दाचे भाग. बाकी सगळे, म्हणजे मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, हे शब्द तोडणारे. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांचा वर्ग युनिकोडमध्ये "अक्षर" नसून "जोडचिन्ह" असा आहे. त्यामुळे मूळ मांडणीत ही सोय प्रत्येक काना-मात्रेला स्वल्पविरामासारखीच मानते. "पुस्तक" या शब्दाचे तिच्या लेखी तीन शब्द होतात: प, स आणि तक. "काळे", "कोळी" आणि "केळी" हे तिन्ही शब्द "क" आणि "ळ" असे दोन शब्द होतात, म्हणजे तिच्या दृष्टीने एकच. "कामेरी" मधून क, म, र असे तीन तुकडे निघतात आणि त्यांत म आणि र शेजारी शेजारी येतात, म्हणून तीही "मीरा" ला जुळते.

यातली सर्वांत धोक्याची बाब अशी की शोध वरवर पाहता चालतो. जे पुस्तक हवे ते यादीत असतेच, कारण वाचकाने लिहिलेल्या शब्दाचेही तसेच तुकडे होतात. फक्त त्याच्यासोबत नको असलेली पन्नास पुस्तके येतात. चाचणीसाठी दहा नोंदी घेतल्या असत्या तर मला हे कधीच कळले नसते. शंभर पुस्तकांची सूची असलेल्या एखाद्या संकेतस्थळावर हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात न येता राहू शकेल.

उपाय एका ओळीचा निघाला. टेबल तयार करताना कोणते वर्ग शब्दाचे भाग मानायचे हे सांगता येते, आणि त्या यादीत जोडचिन्हांचे दोन्ही वर्ग घातले. टेबल नव्याने बांधले, आणि "काळे" शोधल्यावर काळेच मिळाले.

१८ जून २०२५

आजचा संपूर्ण वेळ अर्ध्या र वर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मराठीत "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे दरीचे अनेकवचन. "आचार्यास" म्हणजे गुरूला आणि "आचाऱ्यास" म्हणजे स्वयंपाक्याला. हिंदीत हा भेद नसल्यामुळे अर्ध्या र चे हे दुसरे रूप संगणकावर आणण्यासाठी दोन वाटा निघाल्या. जुन्या वाटेने र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, टंकले जाते. दुसऱ्या वाटेने ऱ हे वेगळे अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचे, आणि त्यानंतर हलन्त टंकले जाते, आणि युनिकोड आता हीच वाट सुचवते. दोन्हींचे रूप पडद्यावर सारखेच उमटते, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या फाइलीत तीन टंकलेखकांपैकी दोघांनी पहिली वाट धरली आहे आणि एकाने दुसरी, त्यामुळे "वाऱ्या" हा शब्द शोधला की निम्मी पुस्तके मिळत नव्हती.

त्यात पहिल्या वाटेच्या शब्दांना आणखी एक इजा होत होती. न दिसणारे ते चिन्ह अक्षर नाही, अंक नाही आणि जोडचिन्हांच्या ज्या दोन वर्गांना मी परवा परवानगी दिली त्यांतही नाही. त्याचा वर्ग तिसराच आहे. त्यामुळे शब्द पुन्हा त्याच ठिकाणी तुटत होता. पहिला विचार आला की शोधरूप करताना ही न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकावीत. तसे केले असते तर "दऱ्या" चे "दर्या" झाले असते, म्हणजे डोंगराच्या दऱ्यांचे पुस्तक समुद्रात गेले असते. म्हणून क्रम असा ठेवला: आधी र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हा त्रिकूट दिसेल तिथे त्याचे ऱ आणि हलन्त करायचे, आणि मगच उरलेली न दिसणारी चिन्हे काढायची.

एवढे करून चाचणी घेतली, तर "दऱ्या" पुन्हा "दर्या" होऊन बसले. या वेळी दोष माझ्याच दुसऱ्या एका ओळीत होता. काही पुस्तकांच्या नावांत "ग़ज़ल" सारखे नुक्ते, म्हणजे अक्षराखालचे टिंब, आहेत आणि काहींत नाहीत, म्हणून शोधरूपात नुक्ता काढून टाकायचे मी ठरवले होते, आणि त्यासाठी आधी प्रत्येक अक्षर त्याच्या घटकांत फोडणारे युनिकोडचे प्रमाणीकरण वापरले होते. युनिकोडच्या लेखी ऱ हे अक्षर म्हणजे र आणि त्याखाली नुक्ता. फोडल्यावर नुक्ता सुटा झाला, माझ्या ओळीने तो काढला, आणि उरला साधा र.

यावरचा उपाय मला मनापासून आवडला. फोडणाऱ्या प्रमाणीकरणाऐवजी जोडणारे प्रमाणीकरण वापरायचे. त्यात र आणि नुक्ता एकत्र येऊन ऱ हे एकच अक्षर होते, पण ग़, ज़, फ़ अशी अक्षरे युनिकोडने जोडणीच्या नियमातून मुद्दाम वगळलेली असल्यामुळे ती सुटीच राहतात. मग नुक्ता काढला की "ग़ज़ल" ची "गजल" होते आणि "दऱ्या" ला धक्का लागत नाही.

चाचणीच्या यादीत आज भर: दऱ्या, दर्या, आचाऱ्यास, आचार्यास, सुऱ्या, सूर्या, तऱ्हा, ऱ्हास.

१९ जून २०२५

इंटरनेटवर सर्वत्र आढळणारा, अक्षरांवरची चिन्हे काढून शीर्षकाचा पत्ता बनवणारा कोडचा एक तुकडा एका पानासाठी वापरला होता. फ्रेंच किंवा स्पॅनिश नावांसाठी तो ठीक असेल. त्याने "कुत्रे" चे "कतर" केले, कारण उकार, हलन्त आणि मात्रा ही त्याच्या लेखी काढून टाकण्याजोगी चिन्हे आहेत. तो काढून टाकला. पानाच्या पत्त्यात आता फक्त दाखल क्रमांक असेल. तसेही देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट घेते आणि पत्त्यात लिहिताना त्याची नऊ इंग्रजी चिन्हे होतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला असा दुवा चार-चार ओळी व्यापतो आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही.

२५ जून २०२५

काकांनी आज वाचनालयातल्या संगणकावर बसून पाऊण तास शोध वापरला. मी शेजारी बसून फक्त टिपून घेत होते. त्यांनी "अॅड" टाकून वकिलांची चरित्रे शोधली आणि काहीच मिळाले नाही, कारण नोंदींत हे अक्षर तीन प्रकारांनी आहे: २००८ मध्ये युनिकोडात आलेले ॲ हे स्वतंत्र अक्षर, त्याआधी चालवून घेतलेला अ वर चंद्र, आणि हिंदी कळफलकावरचा ऍ. हे तिन्ही युनिकोडच्या कोणत्याही प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. ते हातानेच एक करावे लागले. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा दिलेली आहे, म्हणून तेच रूप मानक धरले.

त्यापेक्षा खोल प्रश्न जुन्या लेखनाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर "कांहीं", "नाहीं", "मोठें" असे उच्चारात नसलेले अनुस्वार आहेत, आणि "कवि", "कीर्ति", "शक्ति" असे ऱ्हस्व शेवट आहेत. आमच्या वाचनालयात अशी पुस्तके पुष्कळ आहेत, आणि रजिस्टरात त्यांची नावे अगदी मुखपृष्ठावर आहेत तशी उतरवलेली आहेत. आजचा वाचक "काही" आणि "कवी" असेच टंकणार. त्याने जुने लेखन पाठ करून यावे अशी अपेक्षा ठेवणे मला मान्य नाही, आणि जुन्या मुखपृष्ठावरचे लेखन आजच्या नियमांत बसवणे काकांना मान्य नाही. दोघांचेही समाधान शोधरूपातच करायला हवे.

आज रात्री ठरवलेले नियम असे. दीर्घ स्वरावरचा अनुस्वार शोधरूपात काढायचा, कारण न उच्चारले जाणारे अनुस्वार बहुतेक तिथेच येतात. ऱ्हस्व स्वरावरचा ठेवायचा, म्हणजे "पंत" आणि "पत" वेगळे राहतील. "पण्डित" आणि "मुम्बई" अशा लेखनातला अर्धा अनुनासिक पुढे त्याच वर्गातले व्यंजन असेल तरच अनुस्वारात बदलायचा, त्यामुळे "जन्म" आणि "सन्मान" जसेच्या तसे राहतात. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी एक मानायची, दोन्ही उकार एक मानायचे. या शेवटच्या नियमाने "दिन" आणि "दीन" एक होतात हे मला टोचत होते. म्हणून शोधरूपे दोन केली: एक काटेकोर, एक सैल. काटेकोर रूपाला जुळणारी पुस्तके आधी दाखवायची आणि फक्त सैल रूपाला जुळणारी त्यांच्या खाली, मध्ये एक बारीक रेघ देऊन.

२ जुलै २०२५

अनुक्रम. काकांनी "क्षीरसागर" हे आडनाव यादीत कुठे आहे ते पाहिले आणि ते क च्या पुस्तकांत सापडल्यावर मला कार्डांच्या लाकडी कपाटापाशी नेले. "हे बघ. ह संपला की ळ, मग क्ष, मग ज्ञ. पन्नास वर्षं वाचक याच क्रमानं कार्ड काढतायत." संगणकासाठी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, आणि ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ, त्यामुळे साध्या अनुक्रमात ते क आणि ज यांच्या शेवटी जाऊन बसतात. ळ चे दुखणे वेगळे आहे: युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. म्हणून "काळे" हे "कासार" च्या आधी येत होते. कार्डांत ते नंतर आहे.

ब्राउझरमध्ये भाषेनुसार अनुक्रम लावण्याची सोय असते, पण अकरा हजार नोंदींचा अनुक्रम सर्व्हरवरच लागायला हवा आणि एसक्यूलाइट आपणहून फक्त बाइट पाहून क्रम लावतो. मी वर्णमालेतल्या प्रत्येक वर्णाला क्रमांक देऊन, क्ष आणि ज्ञ यांना अखंड वर्ण मानून, प्रत्येक शीर्षकाची आणि लेखकनामाची एक क्रमकिल्ली तयार केली आणि ती वेगळ्या रकान्यात साठवली. अनुस्वाराची जागा बाराखडीप्रमाणे औकारानंतर ठेवली, कारण कपाटात ती तशीच आहे. शब्दकोशांत वेगळी पद्धत आढळते हे मला माहीत आहे. पण ही सूची या कपाटाची आहे.

६ जुलै २०२५

आषाढी एकादशी. पावसामुळे दुपारपर्यंत वीज नव्हती. लॅपटॉपच्या बॅटरीवर फक्त चाचण्यांची यादी नीट लावली. ती आता बासष्ट शब्दांची झाली आहे.

११ जुलै २०२५

पुस्तकांच्या पाठीवर लावायच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी पीडीएफ बनवणारे एक छोटे साधन वापरले, तर त्यात सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या व्यंजनाच्या उजवीकडे पडल्या आणि जोडाक्षरे हलन्त दाखवून सुटी झाली. हे साधन अक्षरे एकामागून एक ठेवते. देवनागरीसाठी अक्षरांची मांडणी करणारा वेगळा टप्पा लागतो, आणि तो त्यात नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस हे तिन्ही त्यासाठी हार्फबझ ही खुली प्रणाली वापरतात. म्हणून चिठ्ठ्या साध्या वेबपानावर मांडून ब्राउझरमधूनच छापल्या. ओळीची उंची मात्र वाढवावी लागली. इंग्रजीच्या मापाने ठेवली तर "र्कीं" सारख्या अक्षराचा रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो.

पानाच्या आरंभी भाषा मराठी असे नोंदवल्यावर एक सुखद बदल दिसला. ज्या फाँटमध्ये तशी सोय केलेली असते, त्यात ल आणि श यांची मराठी वळणे आपोआप येतात, नाहीतर हिंदी वळणे दिसतात. कित्येक मराठी संकेतस्थळांवर ही एक नोंद नसते आणि मग मुलांना शाळेत शिकवलेला ल एक आणि पडद्यावरचा ल दुसरा असे होते. शीर्षकांसाठी मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा खुला फाँट घेतला आहे.

१८ जुलै २०२५

या आठवड्यात इथे काहीच झाले नाही. बेदाण्याच्या कामात बिलाचा नमुना तिसऱ्यांदा बदलला, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचे दोन महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत, त्यामुळे रात्रीही पैशाचेच काम करावे लागले.

२३ जुलै २०२५

संकेतस्थळ आज सगळ्यांसाठी खुले करायचे होते. सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचे विनामूल्य प्रमाणपत्र घेतले आहे. ते नव्वद दिवस चालते आणि आपोआप नूतनीकरण होणे आवश्यक असते, म्हणून नूतनीकरणाची रंगीत तालीम करून पाहिली, आणि ती फसली. पडताळणी ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या एका ठराविक दारातून, होते आणि मी सुरक्षिततेसाठी तोच पोर्ट बंद केला होता. तालीम केली नसती तर ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुमारास संकेतस्थळ अचानक बंद पडले असते, आणि तेव्हा मी गावात असतेच असे नाही. पोर्ट उघडला, त्यावर आलेली प्रत्येक विनंती सुरक्षित पत्त्याकडे वळवली.

संध्याकाळी वाचनालयाच्या फलकावर काकांनी खडूने पत्ता लिहिला.

२ ऑगस्ट २०२५

पहिल्या दहा दिवसांतले शोध पाहिले. कोणी शोधले हे मी साठवत नाही, फक्त शोधलेला शब्द आणि किती पुस्तके मिळाली एवढेच साठवते. ज्यांना एकही पुस्तक मिळाले नाही असे शोध मी काळजीपूर्वक वाचले, कारण सूचीची खरी तपासणी तिथेच होते.

पुष्कळ जण मराठी नावे इंग्रजी अक्षरांत टंकतात. फोनवर मराठी कळफलक असूनही तो बदलण्याचा त्रास घेत नाहीत. यावर पूर्ण उपाय करायचा तर प्रत्येक नोंदीचे इंग्रजी अक्षरांतले रूप तयार करावे लागेल, आणि लोकांच्या लेखनाला ठराविक पद्धत नाही: त आणि ट, ल आणि ळ, न आणि ण यांना तिथे एकच अक्षर असते. अर्धवट उपाय करून पुन्हा "काळे" शोधल्यावर "काले" दाखवणे मला नको आहे. तूर्त शोधाच्या चौकटीखाली मराठी अक्षरांची छोटी पाटी दिली आहे, आणि बोटाने टिचकी मारून चार अक्षरे लिहिणे तिच्यावर सोपे जाते.

दुसरी गोष्ट लेखकांच्या नावांची. वाचक "पहिले नाव, आडनाव" असे लिहितात, रजिस्टरात "आडनाव, आद्याक्षरे" असे आहे. पूर्ण पहिले नाव टंकले की काही मिळत नाही. शोधातला शब्द आद्याक्षराशी जुळत असेल तर ती नोंदही खालच्या गटात दाखवण्याची सोय केली. एक शिक्षिका गेली दोन वर्षे एका प्रवासवर्णनाचा शोध घेत होत्या. ते कपाटात होते, पण रजिस्टरात लेखकाची फक्त आद्याक्षरे आणि शीर्षकात जुन्या लेखनाचा अनुस्वार होता. काकांनी मला फोन करून हे सांगितले आणि पुस्तकाचा दाखल क्रमांकही वाचून दाखवला.

१४ ऑगस्ट २०२५

कागदावरच्या उरलेल्या नोंदी टंकण्यासाठी महाविद्यालयातली दोन मुले रोज एक तास येत आहेत. टंकताना चूक होऊ नये म्हणून फॉर्मला दोन सवयी लावल्या. एकार आणि काना वेगवेगळे टंकून ओकारासारखे दिसणारे अक्षर तयार झाले तर तो लगेच सांगतो. अ ला काना देऊन आ केला तरी सांगतो, कारण दोन्ही दिसायला बरोबर आणि शोधाला चूक असतात. मात्र तो स्वतः काहीही बदलत नाही. रजिस्टराचे पान समोर धरून मुलानेच ठरवायचे.

आज एका मुलाने "कऱ्हाड" टंकले आणि मला विचारले की यादीत काही पुस्तकांवर "कराड" आहे, मग बरोबर कोणते. रजिस्टरात ज्या पुस्तकासमोर जे आहे तेच टंकायला सांगितले. शोधात मात्र दोन्ही एकमेकांना सापडायला हवेत, आणि हा ऱ्ह कोणत्याही नियमाने र होत नाही. होऊ देणेही चूक ठरेल, कारण मग "तऱ्हा" ची "तरा" होईल. म्हणून गावांच्या नावांचा एक छोटा तक्ता वेगळा सुरू केला. पहिली नोंद कऱ्हाड आणि कराड. पुढच्या नोंदी काका आणि मी शनिवारी जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसून भरणार आहोत.